आतल्या माणसाला विचारून

४ जून

छोट्या,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागद घेतलाय. हा फार तर फाडता येईल. फाडायचाच असेल तर वाचून फाड. लहानपणी तुला कडेवर घेऊन अख्खा बाजार फिरवलाय मी, तेवढा तरी मान ठेव.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. जाताना दारात म्हणालास ना, ताई माफी मागत नाही तोवर या घरात पाऊल टाकणार नाही. मग बूट चांगले जाड तळव्यांचे घे बाबा, बाहेर बरंच उभं राहावं लागणार आहे.

आणि तिकडे तू सांगत सुटलायस म्हणे, की बहिणीने भर पाहुण्यांत येऊन माझ्या मुलीचं लग्न मोडलं. मी आपणहून आले होते का? सुट्टी घेऊन घरी आलास, दोन गल्ल्या पलीकडे माझं दुकान, पण मला पत्ता लागू दिला नाहीस. का, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्या खिट्टीला सोळा पुरी होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. संध्याकाळचा हॉल ठरलेला, फोटोवाला येऊन बसलेला. तुझा कंत्राटदार आणि त्याची माणसं नव्या कपड्यांत चहा पीत होती. नवरा मुलगा म्हणजे त्याचा पुतण्या, तो मोबाइलमध्ये डोकं घालून होता. आणि मी दुकानात कुणाच्या तरी गोदामाच्या चाव्या कापत बसले होते.

पोरगी कपडे बदलते म्हणून मागच्या खोलीत गेली आणि तिने आतून कुलूप लावलं. आधी तू हाका मारल्यास, मग दटावलंस, मग स्क्रूड्रायव्हर आणि तार घेऊन बसलास. कुलूपवाल्याचा मुलगा तू, आप्पांच्या हाताखाली शिकलेला. घामाघूम झालास, पण उघडलं नाही. कंत्राटदार म्हणाला दार फोडू या, तर म्हणालास, ‘नको, वडिलांनी बसवलेलं दार आहे.’ आणि मग फोटोवाल्याला माझ्याकडे पिटाळलंस. घरचं दार अडकलंय, हत्यारं घेऊन या, एवढाच निरोप. अरे, जिच्यापासून सगळं लपवलंस तिलाच बोलावलंस. साऱ्या बाजारात असलं कुलूप उघडणारी मी एकटी, आणि घाईत तुला तेवढंच आठवलं. हे आपल्याच घरात होऊ शकतं.

आप्पांचा नियम तू विसरलास की विसरल्याचं सोंग घेतलंस, देव जाणे. पुन्हा लिहिते. बंद दारामागे माणूस असेल तर आधी त्याला विचारायचं. बोलावणारा घरमालक असो, नवरा असो, नाहीतर पोलीस असो. ‘आत कोण आहे? उघडू का?’ आतून हो आलं तरच कुलपाला हात लावायचा. उत्तरच आलं नाही तर मात्र वेळ घालवायचा नाही, आत कुणी बेशुद्ध पडलेलं असू शकतं. तू एकदा घरमालकाच्या सांगण्यावरून न विचारता मास्तरांची खोली उघडलीस आणि आत मास्तर टॉवेल शोधत उभे होते. आप्पांनी तुला त्याच दारासमोर उभं करून माफी मागायला लावली होती. मी हसले म्हणून माझाही कान पिळला होता.

तर मी आले, पिशवी ठेवली, गुडघे टेकले आणि विचारलं. आतून आवाज आला, ‘आत्या, नको.’ मी पिशवीची चेन लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले. बस, एवढंच केलं मी. तू ओरडलास, मग हात जोडलेस. कंत्राटदार अंगावर धावून आला. मी त्याला म्हटलं, ‘माझं गिऱ्हाईक आत आहे. तुम्ही बाहेरचे.’ दुसऱ्या कुणाच्या घरी मी हेच केलं असतं, मग आपल्या घरी वेगळं का करू?

मग बालसंरक्षण कार्यालयातल्या बाई आल्या, बरोबर पोलीस. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावणार नाही असं तुझ्याकडून लिहून घेतलं. फोन कुणी केला यावरून तू घर डोक्यावर घेतलंस. माझ्या नावावर खपव. माझं काय जातंय.

तू वाईट बाप नाहीस, हेही मला माहीत आहे. वर्षातून एकदा घरी येतोस, पोरगी मोठी होताना बघायला मिळत नाही, रस्त्याने येता-जाता काही झालं तर ही धास्ती. त्यात ज्याच्या हाताखाली काम करतोस तो कंत्राटदार म्हणतो, घरचीच करून घेतो. तुला वाटलं, सुटलो. मी तुझ्या जागी असते तर मलाही रात्रभर झोप आली नसती, पण म्हणून पोरीला कुणाच्या हवाली करून झोपले नसते.

एक राहिलंच. ते कुलूप खिट्टीने स्वतः बनवलंय. शाळा सुटल्यावर माझ्या दुकानात बसून, भंगारातल्या जुन्या कुलपाची आतडी काढून, स्वतःच्या अकलेने. आप्पांनी तिला खिट्टी म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. एवढीशी असते, पण बसली की अख्खं दार हलू देत नाही. तुला ते कुलूप उघडलं नाही याचा मला इतका आनंद झालाय की काय सांगू. चिडू नकोस, पोरगी तुझीच आहे.

ताई


१९ ऑगस्ट

छोट्या,

उत्तर नाही. बरं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस.

इकडची खबर. खिट्टी अकरावीला गेली. वर्गात पहिल्या दिवशी कुजबुज झाली, गल्लीत अजून होते. समोरच्या काकूंनी तिला रस्त्यात थांबवून गळा काढला, ‘काय गं बाई, लग्न मोडलं ना तुझं.’ ही म्हणते, ‘मोडलं नाही काकू, लागलंच नाही.’ आणि पुढे चालायला लागली. काकू मला दुकानात येऊन सांगून गेल्या, पोरगी फार आगाऊ झालीय. मी म्हटलं, झालीय खरी, आणि त्यांना चहा पाजला.

तुझी बायको आता दिवसभर माझ्या दुकानात असते. घरात बसून तुझ्या फोनची वाट बघण्यापेक्षा बरं. पहिल्या आठवड्यात तिला लिव्हर आणि स्प्रिंग यांतला फरक कळत नव्हता, पण माणसं कळतात. परवा एक जण साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन आला. म्हणे, बायकोची चावी हरवली, ही करून द्या. मी वडी हातात घेतलीसुद्धा होती. तुझी बायको गल्ल्यावरून म्हणाली, ‘बायकोला घेऊन या, मी तिलाच विचारते.’ तो जो गेला तो वडीसुद्धा न घेता. आता आम्ही त्याच वडीने हात धुतो.

आणि ऐक, तुझ्यापासून कशाला लपवू. रविवारी मी खिट्टीला म्हटलं, तुझं ते कुलूप मला बघू दे. ती म्हणाली, ‘बघ की.’ ती बाहेरून चावी फिरवून चहा करत बसली आणि मी मागच्या खोलीच्या दारापुढे. दुपार गेली. खटका बसल्याचा आवाज येतो, वाटतं झालं, आणि कुलूप जागचं हलत नाही. पन्नाशीला आलेल्या बाईने किती वेळ गुडघ्यांवर बसावं? शेवटी मी हात टेकले. म्हणजे त्या दिवशी आतून ती ‘हो, उघड’ म्हणाली असती तरी मला ते उघडलं नसतंच. तुम्ही सगळे माझ्या नावाने बोटं मोडत होतात, आणि मी नुसती शोभेला बसले होते.

तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने चहात साखर दुप्पट घातली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं बघ.

ताई


३ डिसेंबर

छोट्या,

तुझ्या लेकीने काय केलंय ते बसून वाच.

तिच्या शाळेत मुलींच्या संडासांना आतून कड्या नाहीत. होत्या कधीतरी, गंजून पडल्या, कुणी लावल्या नाहीत. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते, तिचा तास बुडतो. मग महिन्यातले काही दिवस मुली घरीच राहतात. मग आई-बाप म्हणतात, नाहीतरी अर्धी शाळा बुडतेच, नाव काढून टाकू. नाव काढलं की पोरगी घरात, आणि पोरगी घरात दिसली की कुणीतरी स्थळ घेऊन येतंच. हे सगळं मला खिट्टीने समजावून सांगितलं, कानस चालवता चालवता. मी इतकी वर्षं कड्या विकतेय, माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ती मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, अर्ज केलेला आहे, वरून मंजुरी यायची आहे. ही म्हणाली, ‘कडी आतून लावायची आहे बाई, वरून कशाला?’ बाई हसल्या आणि तिला परवानगी दिली. मी दुकानातल्या कड्या दिल्या. पोरीने सुट्टीच्या दिवशी हातात ड्रिल घेऊन एकेक दार केलं. शिपाई सुरुवातीला कमरेवर हात ठेवून बघत होता, हे पोरींचं काम नाही वगैरे. तिने त्याला पाना धरायला लावला. संध्याकाळी तोच सगळ्यांना सांगत होता, आम्ही दोघांनी मिळून बसवल्या.

सोमवारी मुली म्हणे नुसत्या आत जाऊन कड्या लावून, काढून बघत होत्या.

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गातली एक मुलगी दुकानात आली. बारीकशी, पाठीला दप्तर. म्हणाली, ‘खिट्टी, आतून लागणारं कुलूप मिळेल का?’ खिट्टीने हातातलं काम ठेवलं. ‘कशाला हवंय?’ तिने आधी रस्त्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, घरात नवीन कपडे आणलेत, मला दाखवत नाहीत. तुझ्या लेकीने तिला आत नेऊन बसवलं. मी पुढचं शटर अर्धं ओढलं. तुझ्या बायकोने गल्ल्यावरचा फोन उचलला आणि मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, कुठे बघायचं नाही की शोधायचं नाही, तोंडपाठ लावला.

जाऊ दे. सांगायचं ते हे, की त्याच कार्यालयातल्या त्याच बाई आल्या, मुलीच्या घरी जाऊन बसल्या, आणि मुलगी काल शाळेत होती. जाताना बाई खिट्टीला म्हणाल्या, ‘तू अजून उघडू देत नाहीस ना कुणाला?’ खिट्टी म्हणाली, ‘विचारलं तर देते.’ असं बोलते. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ताई


२२ जानेवारी

छोट्या,

आलं तुझं पत्र. पत्र कसलं, चिठोरं. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. ‘तिला नंबर पाठ कसा?’

मी तेव्हाच जीभ चावली होती, म्हणजे लेखणी. पुन्हा नवा कागद घ्यायचा कंटाळा केला. तुझं चिठोरं मी लपवणार होते, पण तुझ्या बायकोने ते आधीच वाचलं होतं. दुकानात टपाल तीच घेते. मी म्हटलं, लिहिते काहीतरी, की फळ्यावर लिहिलेला होता, की पोरीने सांगितला. ती म्हणाली, ‘नको ताई. खरं लिहा. मी सांगते तसं लिहा.’

म्हणून हे तिचं, मी फक्त हात चालवतेय.

‘फोन मी केला होता. आठवडाभर आधी नंबर पाठ करून ठेवला, कारण कागदावर लिहिला असता तर तुम्हाला सापडला असता. पाहुण्यांसाठी चहा ठेवला आणि गॅसपाशी उभी राहून फोन केला. खिट्टीला मीच सांगितलं होतं, मागच्या खोलीत जा आणि मी हाक मारेपर्यंत उघडू नकोस. बाई येतील की नाही माहीत नव्हतं. ताईंनी माझं नाव घेतलं नाही, कारण तुम्ही मला सोडाल अशी त्यांना भीती होती. मलाही होती. आता नाही. मी सतरा वर्षांची असताना या घरात आले. तुम्ही मला वाईट वागवलं नाही. पण तुमच्या घरात बंद दाराला विचारायची रीत आहे, आणि मला मात्र कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीला कुणीतरी विचारावं एवढंच मला हवं होतं.’

संपलं तिचं.

ती सांगत असताना मी मान वर केली नाही. लिहून झाल्यावर तिने कागद घेतला, वाचला, एका ठिकाणी काना राहिला होता तो दिला आणि परत गल्ल्यावर जाऊन बसली. फोनचं मला माहीत होतं, बाकीचं आजच कळलं; इतकी वर्षं मी तिला गरीब गाय समजत होते. छोट्या, ही बाई तुझी बायको आहे, याची तुला लाज वाटत असेल तर तू माझा भाऊ शोभत नाहीस. मला तर तिचा एवढा अभिमान वाटला की त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, ही माझी भावजय. लोकांना आधीच माहीत होतं, तरी.

ताई


१० ऑक्टोबर

छोट्या,

तू बायकोशी फोनवर बोलायला लागलास, चांगलं आहे. हवापाण्याचं बोलतोस म्हणे. हवापाणी तर हवापाणी.

मी लिहितेय कारण विचारायचंय. काल तुझ्या कंत्राटदाराचा माणूस दुकानात आला होता. चांगला इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. म्हणाला, ‘मे महिन्यात मुलगी अठराची होते ना? मग आता कायद्याचंही काही अडत नाही. जूनमधली तारीख धरतोय. तुमच्या भावाने शब्द दिलाय.’ माझ्या हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी होती. मी ती खाली ठेवली, हे माझं नशीब आणि त्याचंही.

खिट्टी मागे बसली होती, बारावीचं पुस्तक एका मांडीवर आणि कुणाची तरी तिजोरी समोर. तिने डोकं वर करून विचारलं, ‘काका, तुमचं काही अडकलंय का?’ तो म्हणाला, नाही. ‘मग जरा बाजूला व्हा. गिऱ्हाइकं खोळंबलीत.’ आणि तो झालाही बाजूला.

तिला पॉलिटेक्निकला जायचंय. मशिनचं शिकायचंय. तिथल्या सरांना तिने स्वतः जाऊन विचारलंय. पण काल दुकान बंद करताना मला म्हणाली, ‘आत्या, अठरा झाल्यावर तर बाईसुद्धा येणार नाहीत ना?’ मी म्हटलं, अठरा झाल्यावर तुझं ‘नाही’ हेच पुरेसं आहे, कुणी जबरदस्ती केली तर कायदा तेव्हाही आहे. तिने मान हलवली. पण घरी जाऊन तिने त्या कुलपाला तेल दिलं. मला तुझ्या बायकोने सांगितलं. इतक्या महिन्यांत तिने त्याला हात लावला नव्हता.

म्हणून सरळ विचारते. शब्द दिलायस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मला तुझा राग आलेला नाही अजून, पण येण्याच्या बेतात आहे.

ताई


८ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं उत्तर आलं. चार महिने लावलेस, आणि माझा जीव टांगणीला. पत्ता नवीन आहे, अक्षर तेच कोंबडीच्या पायाचं. दोन ओळी. ‘त्यांना नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशीचं ते कुलूप कसलं होतं?’

पाकिटावरचा पत्ता बघूनच कळलं, की कंत्राटदाराचं काम सुटलं. सोडलंस की काढलं, ते तू लिहीत नाहीस आणि मी विचारत नाही. नवीन ठिकाणी सुपरवायझर आहेस की पुन्हा पहिल्यापासून, तेही जाऊ दे. तू नाही म्हणालास. मी पत्र गल्ल्यावर ठेवलं. तुझ्या बायकोने वाचलं, पदराला हात पुसले आणि पुन्हा वाचलं. मी म्हटलं, बघ, माझा भाऊ आहे शेवटी. ती म्हणाली, ‘आणि माझा नवरा.’ आम्ही दोघींनी दुपारचं जेवण तिथेच केलं आणि दुकान जरा उशिरा उघडलं.

आता तुझ्या दुसऱ्या ओळीचं. इतक्या दिवसांत एकच गोष्ट विचारावीशी वाटली तुला, आणि ती कुलपाची. आप्पांचाच आहेस. तर ऐक. मला माहीत नाही. मला उघडलं नाही हे तुला लिहिलंच होतं, आणि कसं बनवलं हे ती मला सांगत नाही. म्हणते, ‘ज्याला हवं त्याने येऊन विचारावं.’ मला वाटतं हे ती मला म्हणत नाही.

तिची परीक्षा तोंडावर आहे. संपली की तिला वेळच वेळ आहे.

ताई


६ जुलै

छोट्या,

तू आलास, राहिलास, परवा गेलास. सगळं तुझ्यासमोरच झालं, मग ही कशाला लिहितेय असं म्हणशील. लिहितेय कारण दाराच्या एका बाजूला तू होतास. आतल्या बाजूला मी होते, आणि आतलं तुला माहीत नाही.

एक आधी नोंदवून ठेवते. माफी मागितल्याशिवाय पाऊल टाकणार नव्हतास. टाकलंस. मी मागितली नाही, तूही विषय काढला नाहीस. शहाणा झालास.

त्या सकाळी आम्ही दोघी मागच्या खोलीत होतो. तिने त्या खोलीचा आता कारखानाच करून टाकलाय, ते तू पाहिलंसच. ती चावीला कानस मारत होती, मी खाली वाकून हरवलेली स्प्रिंग शोधत होते. पुढच्या दाराशी तुझा आवाज आला. तुझी बायको म्हणाली, ‘मागे आहे.’ मग तुझे बूट वाजत आले. खिट्टीची कानस थांबली. दाराशी येऊन बूटही थांबले.

मी ‘ये की आत’ म्हणून ओरडणारच होते. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, लोखंडाच्या भुशाने भरलेला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. दाराखालच्या फटीतून तुझ्या बुटांची सावली दिसत होती. बराच वेळ तू काहीच केलं नाहीस. मला आपलं वाटत होतं, वळेल आणि जाईल, कुठेतरी घुश्शात बसेल, मला पुन्हा दोन वर्षं पत्रं लिहावी लागतील.

मग तू विचारलंस, ‘आत कोण आहे?’ ती म्हणाली, ‘मी आहे.’ तू म्हणालास, ‘उघडू का?’

छोट्या, तेव्हा पोरीने मान खाली घातली आणि गालावरून हात फिरवला. दार उघडल्यावर तू तिला म्हणालास, तोंडाला काळं लागलंय, आणि तुझ्या रुमालाने पुसलंस. काळं होतं ते हाताचं. ओलं होतं ते तिचं. तुला वाटलं तेल आहे.

तिने विचारलं, ‘कशाला?’ आणि तू म्हणालास, ‘कुलूप बघायचंय तुझं. मला आलं नाही ते.’ तुला बाहेर ऐकू आलं की नाही कोण जाणे, ती हसली. मी किती दिवसांनी तिला असं हसताना ऐकलं. मग म्हणाली, ‘थांबा, मीच उघडते.’

पुढचं तुला माहीत आहे. तिने कुलूप दारावरून उतरवून टेबलावर उघडं केलं, तू चष्मा लावून बसलास, आणि तिने तुला तो खोटा खटका दाखवला, उलटा फिरणारा. तू तीन वेळा ‘पुन्हा दाखव’ म्हणालास. तुझी बायको दारात उभी राहून बघत होती. पॉलिटेक्निकचा अर्ज खिट्टीने तुझ्यापुढे ठेवला तेव्हा तू पेन काढलंस, आणि ती म्हणाली, ‘तुमची सही नको बाबा, मी अठराची आहे. नुसता वाचा.’ तू वाचलास, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि एक चूक काढलीस. तिने ती दुरुस्त केली आणि मग खाली स्वतःची सही केली.

दुपारी तू तिला विचारलंस, ‘सकाळी चावी दोनदा फिरल्याचा आवाज आला. दोनदा फिरवावी लागते का?’ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती. पण ते तुला कळायला हवं. काल मी तिला विचारलं, लिहू का बाबांना. ती म्हणाली, लिही.

चावी एकदाच फिरवावी लागते. त्या सकाळी दाराला कुलूप नव्हतं. कडीही नव्हती. तू येणार हे तिला माहीत होतं, आणि तिने दार नुसतं लोटून ठेवलं होतं. तू बोलून झाल्यावर ती दाराशी गेली, तिने आधी कुलूप लावलं आणि मग उघडलं, म्हणजे तुला उघडल्याचा आवाज ऐकू यावा. एवढा वेळ तू दाराबाहेर उभा होतास ना, नुसतं बोट लावलं असतंस तरी ते उघडलं असतं.

तू बोट लावलं नाहीस. विचारलंस.

ताई